ठिपका दाबून पाहा

"मारलं असेल पोराला, त्याशिवाय का असे वळ उठतात?" आमच्या बचत गटातल्या एकीबद्दल गल्लीत अशी कुजबुज चालली होती. तिच्या चार वर्षांच्या मुलाच्या नडग्यांवर काळेनिळे डाग होते आणि पोटावर मोहरीएवढे लाल ठिपके. सासूबाईंचं निदान 'उष्णता', उपाय सब्जा! पोर मात्र हसतंखेळतं.

बालरोगतज्ज्ञांनी लगेच रक्त तपासायला लावलं. प्लेटलेट्स निघाल्या बारा हजार. एरवी त्या दीड ते साडेचार लाख असतात. आजाराचं नाव आयटीपी. लहान मुलांत बहुधा सर्दी-तापानंतर दोन-तीन आठवड्यांनी हा उद्भवतो. जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून आपल्याच प्लेटलेट्सवर उठते. रक्त गोठवणाऱ्या या पेशी कमी पडल्या, की कातडीखाली रक्त झिरपतं. त्यात ना आईच्या हाताचा दोष, ना खाण्याचा. हा संसर्गजन्यही नाही.

मैत्रिणींनो, असा ठिपका दिसला तर काचेच्या पेल्यानं दाबून पाहा. घामोळ्याची लाली दाबल्यावर फिकी होते, रक्ताचा ठिपका तसाच दिसतो. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत ताप असेल, मूल मलूल असेल, तर रात्रसुद्धा काढू नका. डेंग्यू, मेंदूज्वर, क्वचित रक्ताचा कर्करोग यांतही असे ठिपके येतात. ते ओळखणं आपलं काम नव्हे.

या मुलाला डॉक्टरांनी औषध दिलंच नाही, नुसतं लक्ष ठेवलं. घरचे चिडले, "मग फी कसली घेतली?" पण रक्तस्राव नसेल तर बऱ्याचदा हेच योग्य असतं. दहापैकी सात-आठ मुलं सहा महिन्यांत आपोआप बरी होतात. या मुलाच्या प्लेटलेट्स दोन महिन्यांत लाखावर गेल्या.

तोवर जपायचं ते एवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन द्यायचं नाही. आपल्याकडे उठसूट कमरेत सुई टोचून घ्यायची हौस फार, तीही नको. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर आजार आधी सांगा. सायकल, झाडावर चढणं बंद. शाळेत बाईंच्या कानावर घाला. आणि नाकातून रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबेना, शी काळी झाली, डोक्याला मार लागला, डोकं फार दुखून उलट्या झाल्या, तर तडक मोठ्या दवाखान्यात न्या.