अर्ध्या संचाचे पूर्ण रोप

पेशींचे अंतरंग : लेखांक १४

मागच्या आठवड्यात आपण अर्धसूत्री विभाजन पाहिले. शरीरातल्या बहुतेक पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. परागकण, अंडपेशी, शुक्रपेशी यांच्या वाट्याला मात्र एकच संच येतो. पुढे फलन होते, दोन अर्धे एकत्र येतात आणि नवा जीव सुरू होतो. पण हे मीलन झालेच नाही, तर त्या एकट्या संचातून पूर्ण सजीव घडू शकेल का? याचे फार मोलाचे उत्तर दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात धोतऱ्याच्या कळीतून मिळाले. ते मिळवणाऱ्या संशोधिका म्हणजे शिप्रा गुहा, पुढच्या गुहा-मुखर्जी.

१९३८ साली कोलकात्यात जन्मलेल्या शिप्रा दिल्लीला शिकायला आल्या, तेव्हा तिथला हा विभाग जगात नावाजलेला होता. पंचानन माहेश्वरी १९४९ मध्ये विभागप्रमुख झाले आणि सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचा त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. फुलाच्या आत बीज कसे घडते, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावरच हा विभाग थांबला नाही. ती घडण काचेच्या नळीत घडवून आणण्याचा ध्यास इथे होता. १९६२ मध्ये कुसुम कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांनी अफूच्या झाडाचे फलन परीक्षानळीत करून दाखवले. बी. एम. जोहरी यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केलेल्या शिप्रा याच वातावरणात तयार झाल्या.

पंचानन यांचे चिरंजीव सतीशचंद्र माहेश्वरी यांच्यासह त्यांनी धोतऱ्याचे कोवळे परागकोश पोषक माध्यमावर वाढवायला घेतले. अर्धसूत्री विभाजन झाडाबाहेर कसे चालते, हे त्यांना पाहायचे होते. माध्यमात कायनेटिन, नारळपाणी असे वाढीला चालना देणारे घटक घालून पाहिले. काही आठवड्यांनी परागकोशांच्या आतून भ्रूणासारख्या रचना बाहेर डोकावू लागल्या आणि पुढे त्यांची रोपे झाली. १९६४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध छापून आला.

इथेच एक खोच होती. परागकोशाला भिंत असते आणि त्या भिंतीच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन्ही संच असतात. ऊतिसंवर्धनात अशा साध्या पेशींपासूनही भ्रूण तयार होऊ शकतात. मग ही रोपे परागकणांची कशावरून? गुहा आणि माहेश्वरी यांनी हा प्रश्न अर्धवट सोडला नाही. परागकणाच्या आतच पेशीविभाजन सुरू होते, एकाच्या अनेक पेशी होतात आणि त्यांतून भ्रूण आकाराला येतो, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने पाहिले. धोतऱ्याच्या पेशीत एरवी २४ गुणसूत्रे असतात; या भ्रूणांत ती १२ होती. १९६६ चा त्यांचा दुसरा निबंध हे सांगतो. माझ्या मते खरे मोठेपण या दुसऱ्या निबंधात आहे. समोर अनपेक्षित काही दिसणे हे कुणाच्याही वाट्याला येऊ शकते. ते नेमके कुठून आले हे सिद्ध करायला चिकाटी लागते.

अशा एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, रोपाचा उपयोग काय? दोन संच असले की एका संचातला दोष दुसऱ्यामुळे झाकला जातो. भजनात एकाचा सूर घसरला तरी बाकीच्यांच्या आवाजात तो खपून जातो; एकट्याने गाताना लपायला जागा नसते. एकगुणित रोपात प्रत्येक जनुक असे उघडे पडते. आता त्याच रोपावर कोल्चिसिन या रसायनाचा प्रयोग करून गुणसूत्रे दुप्पट केली, की दोन्ही संच तंतोतंत सारखे होतात. शुद्ध वाण मिळवण्यासाठी पैदासकाराला एरवी सहा-आठ पिढ्या स्वपरागण करावे लागते. इथे ते काम एका पिढीत होते. जपानमध्ये नीझेकी आणि ओनो यांनी १९६८ मध्ये भाताची अशी रोपे मिळवली, तर चीनने या पद्धतीने गव्हाचे वाण शेतापर्यंत नेले. शिप्रांनीही पुढे भाताच्या परागकोशांवर काम केले. सगळे वाण सारखा प्रतिसाद देत नाहीत, हे त्यांनी १९७३ मध्ये दाखवले. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे संशोधन आणि अध्यापन केले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्राण्यांत हे जमेल का? गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आढळणाऱ्या झेब्राफिश या इवल्या माशावर अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायझिंगर यांनी हाच विचार लावला. अतिनील किरणांनी निकामी केलेल्या शुक्रपेशींनी त्यांनी अंडी चेतवली. बापाची गुणसूत्रे आलीच नाहीत. फक्त आईचा संच घेऊन गर्भ वाढू लागले. पण असा मासा काही दिवसांतच मरतो. म्हणून उष्णतेचा किंवा दाबाचा धक्का देऊन त्यांनी गुणसूत्रे दुप्पट केली आणि पूर्ण शुद्ध माशांचे वंश मिळवले. हे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले.

एकगुणित मासा जगत नसला, तरी त्याच्या पेशी जगू शकतात. २००९ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी मेडाका या जपानी माशाच्या एकगुणित गर्भांपासून मूलपेशी वेगळ्या करून त्या बशीत टिकवल्या. अशा एका पेशीचे केंद्रक त्यांनी नेहमीच्या अंडपेशीत घातले आणि त्यातून वाढलेली मादी पुढे प्रजननक्षमही निघाली.

धोतऱ्याचा परागकण स्वतःच रोप होतो. माशाच्या एकेरी पेशीला मात्र जीव घडवायला दुसऱ्या अर्ध्याची साथ लागते. वनस्पती आणि प्राणी यांच्यातला हा भेद खोल आहे. तरीही दोन्हीकडून एक गोष्ट ठाम कळते: प्रजननासाठी राखून ठेवलेल्या पेशीचे भवितव्य आधीच ठरलेले नसते, भोवतालची परिस्थिती बदलली की ते बदलू शकते. जनुकशास्त्रातले हे पायाभूत ज्ञान आपल्याच देशातल्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेतून जगाला मिळाले. आपल्या शाळा-महाविद्यालयांत परागकणाची आकृती काढली जाते, तेव्हा शिप्रा गुहा-मुखर्जी यांचे नावही घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

पुढील लेखांकात : एकगुणित माशाचा गर्भ का दगावतो आणि दोन संचांची प्राण्यांना एवढी गरज का असते?