मापातली घट

दशलक्षण पर्व संपून क्षमावाणीचा दिवस उजाडला की मला माझ्या आईची आठवण विशेष तीव्रतेने होते. २०२३ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, तिने शांतपणे देह ठेवला. तिने जवळजवळ पस्तीस वर्षे प्राथमिक शिक्षिका म्हणून काम केले. घरात ती आई होती, शाळेत ‘बाई’ होती. आणि मी चौथीत तिच्याच वर्गात असल्यामुळे त्या वर्षी दिवसाचे पाच तास मीही तिला ‘बाई’ म्हणूनच हाक मारीत असे. तिच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत, असे अनेकांनी सुचविले. परंतु तिचे मोठेपण सांगायचे तर त्यात माझा एक अपराध सांगणे ओघानेच येते, म्हणून आजवर लेखणी उचलवली नाही.

आईचे शिक्षण सोलापूरच्या श्राविका संस्थेत, पंडिता सुमतिबाई शहा यांच्या छायेत झाले. लग्न होऊन ती सांगलीला आमच्या घरी आली. गणपती पेठेत आजोबांचे धान्याचे दुकान होते, जोडीला हळदीची अडत होती. हरिपूरच्या पेवांत हळद साठवून योग्य भावाची वाट पाहणारी ती पिढी. व्यापाऱ्याच्या सुनेने नोकरी करावी, ही गोष्ट त्या काळी पेठेत चर्चेचा विषय झाली. आजोबांनी मात्र, “विद्यादान आहे, चाकरी नव्हे,” एवढे म्हणून तो विषय संपविला.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे हिशेबाने सव्वासहा पैसे होत. सरकारी कोष्टकात ते सहा धरले होते. काही दुकानांतून मात्र सर्रास सात घेतले जात. आईने पाटीवर खडूने कोष्टक लिहिले: एक आणा सहा, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. ती पाटी तिने दुकानाच्या दर्शनी खांबावर टांगली. मुनीमजी कुरकुरले तेव्हा तिने त्यांना तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाची आठवण करून दिली. अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे देण्याघेण्याच्या मापात कमीजास्त करणे, हा एक अतिचार सांगितला आहे. आजोबांनी ती पाटी काढू दिली नाही.

मुख्य प्रसंग १९६७ सालचा. चाचणी परीक्षेच्या कागदांसाठी प्रत्येक मुलाकडून पंचवीस पैसे गोळा केले होते. ते बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात, वर्गातील कपाटात ठेवलेले असत. फळा पुसणे, खडू आणणे आणि कपाट उघडणे ही कामे एका मुलाकडे होती. त्याचे वडील आमच्याच दुकानात हमाल होते. एके दिवशी हिशेबात दोन रुपये कमी भरले. आईने त्याला विचारले. तो “मी घेतले नाहीत” एवढेच म्हणत राहिला. आईने त्याचे दप्तर उलटे केले, खिसे पाहिले आणि संपूर्ण वर्गासमोर त्याला तासभर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. रात्री बापाने त्याला दोरखंडाने मारल्याचे पुढे आमच्या कानावर आले.

ते दोन रुपये मी घेतले होते. आजोबांनी दिलेले शाईचे पेन माझ्या हातून हरवले होते. त्यांच्या धाकाने मी तसेच दुसरे पेन विकत आणून खिशाला लावले. वर्गात तो मुलगा उभा होता तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसून त्याच पेनाने शुद्धलेखन लिहीत होतो.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून परतल्यावर, घरातील वडीलधाऱ्यांची क्षमा मागून झाल्यावर, आई माझ्यासमोर बसली. हात जोडून म्हणाली, “माझ्या बोलण्यावागण्याने वर्षभरात तुझे मन दुखावले असेल, तर मला क्षमा कर.” आईने नऊ वर्षांच्या मुलापुढे हात जोडलेले पाहून मला धीर धरवला नाही. मी रडत रडत सर्व सांगितले.

तिने मला मारले नाही. बराच वेळ ती बोललीच नाही. मग उठून तिने चपला घातल्या आणि म्हणाली, “ही क्षमा माझ्याकडे मागून भागणार नाही. आणि माझी क्षमा तर तुझ्याहून मोठी आहे.”

आम्ही दोघे हमालांच्या वस्तीत गेलो. त्या मुलाची आई दारात भाकरी थापीत होती. आपल्या मालकाची सून दारात उभी पाहून ती गांगरली. वडील म्हणाले, “जाऊ द्या बाई, पोराची जात, झालं गेलं.” आईने त्या मुलापुढे हात जोडले. तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्दही बोलला नाही.

रात्री आजोबांना सर्व कळले. ते म्हणाले, “सूनबाई, त्यांच्या घरी ज्वारीचे पोते पाठवू, पोराची फी भरू. पण वर्गात याची वाच्यता नको. पेठेत आपले नाव आहे.” आईने आजोबांना आयुष्यात एकदाच उलट उत्तर दिले, ते त्या रात्री. “मामंजी, धान्यात घट आली तर धान्याने भरता येते. त्याच्या नावात मी चारचौघांत घट केली आहे. ती चारचौघांतच भरावी लागेल.”

दुसऱ्या दिवशी आईने त्या मुलाला स्वतः घरून आणले. वर्गासमोर उभी राहून ती म्हणाली, “याने चोरी केली नव्हती. माझी चूक झाली. मी याची क्षमा मागते.” नंतर तिने मला उभे केले आणि मी काय केले ते माझ्या तोंडून वदविले. ते पेन मी आजोबांना परत दिले.

कथा असती तर तो मुलगा पुढे शिकून मोठा अधिकारी झाला असता. तसे घडले नाही. चौथी होताच वडिलांची कंबर पोत्याखाली कायमची दुखावली आणि तो कामाला लागला. मात्र रोज संध्याकाळी आई त्याला आमच्या ओट्यावर शिकवी. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. मग टक्केवारी, मग किलो-क्विंटल. लोक याला उपकार म्हणत, तेव्हा ती त्यांना थांबवी. “उपकार नव्हे, फेड आहे.” पुढे त्याने बाजार समितीचा परवाना काढला आणि तो मार्केट यार्डात मापाडी झाला. त्याच्या काट्यावर शेतकरी आणि अडते दोघेही डोळे झाकून विश्वास ठेवीत.

मी बँकेत लागलो. ग्रामीण शाखेत असताना एका संध्याकाळी रोकड पाचशे रुपयांनी कमी भरली. सर्वांच्या नजरा एकदम शिपायाकडे वळल्या. कोणीतरी त्याचे खिसे तपासण्याची सूचनाही केली. मी ते होऊ दिले नाही. कमी पडलेली रक्कम तात्पुरती माझ्याकडून भरली. तिसऱ्या दिवशी एक ठेवीदार आपण होऊन आला. पन्नासच्या दहा नोटांऐवजी त्याला शंभरच्या दहा गेल्या होत्या. त्या शिपायाला ही हकिकत कधी कळली की नाही, कोण जाणे. मला मात्र त्या तीन दिवसांत दुसऱ्या रांगेतला मी सतत दिसत होतो.

आई दरवर्षी क्षमावाणीला त्या मापाड्याच्या घरी जाई. पाय थकल्यावर तो येऊ लागला. एका चुकीसाठी एवढी वर्षे क्षमा कशाला, असे मला वाटे. त्याचे उत्तर आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मिळाले. तो आला, तिच्या फोटोपुढे बसला आणि म्हणाला, “बाईंनी मला एकदा इचारलं हुतं. ‘तू खरं सांगत हुतास, तरी मला ते खरं का वाटलं न्हाई?’ मी म्हनलो, बाई, कपाटाजवळ आनखी पोरं बी जात हुती. पन मी हमालाचा पोरगा हुतो. बाई म्हनल्या, ‘व्हय. त्याचीच क्षमा मागते.’”

मी एवढी वर्षे समजत होतो की आई माझ्या चोरीचे प्रायश्चित्त घेत आहे. ती स्वतःच्या मनातील तराजू तपासत होती.

क्षमावाणीला आपण शेकडो परिचितांना ‘उत्तम क्षमा’ लिहून पाठवितो. त्यांपैकी बहुतेकांचे आपण काहीच बिघडविलेले नसते. ज्यांचे खरोखर बिघडविले, ती नावे त्या यादीत क्वचितच असतात; कधी ती आपल्याच दुकानात, गोदामात, स्वयंपाकघरात वावरत असतात. यंदा एका तरी अशा दारी स्वतः जावे, ही माझी वाचकांना नम्र विनंती. मी जाणार आहे. आईबरोबर गेलो तेव्हा बोलली ती. मी तिच्या पदरामागे उभा होतो, आणि त्याची क्षमा मी स्वतःच्या तोंडाने अजून मागितलेली नाही.