बॅटरी मेली कीं लिखाण मंदावतें

अनेक डिस्क जोडून एक भांडार करण्याची 'रेड' पद्धति पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ सालीं बर्कले येथें मांडली. तींतील रेड-५ या प्रकारांत मजकुराबरोबर त्याचा ताळाही ठेवितात. एक डिस्क बिघडली तरी उरलेल्यांवरून हरवलेला मजकूर पुनः काढतां येतो. परंतु लहानशा दुरुस्तीसहि जुना मजकूर व जुना ताळा वाचणें, मग दोन्ही नव्यानें लिहिणें, अशीं चार कामें पडतात.

हा विलंब झांकण्यासाठीं नियंत्रकावर स्मृति असते. मजकूर तींत उतरतांच तो 'लिहिलें' अशी पोंच देतो आणि डिस्कवरील नोंद सवडीनें उरकतो. गुमास्ता आधीं खर्डा लिहितो, कीर्द मागाहून, तसेंच हें. यास राइट-बॅक म्हणतात. मध्येंच वीज गेली तर खर्डा टिकावा म्हणून तेथें बॅटरी असते. ती निकामी झाली कीं बहुतेक नियंत्रक आपण होऊन राइट-थ्रू पत्करितात : मजकूर डिस्कवर पोंचल्याविना पोंच नाहीं. यंत्र एकाएकीं मंदावतें तें पुष्कळदां यामुळें. आणि आपण डिस्कला दोष देत बसतों!

बॅटरीवांचून राइट-बॅक बळेंच चालू ठेवण्याची सोयही पुष्कळ नियंत्रकांत असते. मला ती लबाडीच वाटते. पतपेढीनें ठेवीदारास पावती द्यावी आणि वीज जातांच ती नोंदच नाहींशी व्हावी, असा तो वेग! त्यापेक्षां बॅटरी बदलावी. लहान नोंदी फारच असल्यास रेड-१० घ्यावें. तेथें लिहिणें दोनदांच, मात्र निम्मी जागा खर्चीं पडते. डिस्कच्या पोटांतील स्मृतीस ही बॅटरी राखीत नाहीं. तिच्यांतील राइट-बॅक बंदच ठेवावें.