संप्रेरके आणि स्वमग्नता : अहवालातील आकड्यांचा अर्थ

आपल्या घरात स्वमग्न नातू किंवा नात असेल, तर 'हार्मोन प्रोफाइल' असे शीर्षक असलेला कागद कधी ना कधी आपल्या हाती आला असेल, किंवा पुढे येईल. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल, कॉर्टिसॉल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड अशी नावांची रांग, प्रत्येकापुढे आकडा, आणि त्यांतले दोन-तीन आकडे ठळक छापलेले. माझ्याकडे असे कागद घेऊन येणाऱ्यांत आईवडिलांपेक्षा आजी-आजोबाच अधिक असतात. मुलगा-सून नोकरीवर गेल्यावर दिवसभर त्या लेकराला तेच सांभाळतात, आणि पुष्कळदा चाचणीचे पैसेही त्यांच्याच निवृत्तिवेतनातून गेलेले असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, हे हार्मोन ताळ्यावर आणले, तर पोरगं बोलायला लागेल का?"

याचे उत्तर आधीच स्पष्ट देतो. नाही. रक्तातील कोणत्याही संप्रेरकाच्या आकड्यावरून स्वमग्नतेचे निदान होत नाही, आणि कोणतेही संप्रेरक वाढवून किंवा घटवून स्वमग्नता दूर करता येते असे आजवर सिद्ध झालेले नाही. निदान होते ते मुलाचा संवाद, नजर, खेळ, हट्ट आणि सवयी यांच्या बारकाईने केलेल्या निरीक्षणावरून. तरीही संप्रेरकांचा आणि स्वमग्नतेचा काहीच संबंध नाही, असे म्हणणेही खरे नव्हे. संबंध आहे, मात्र लोक तो शोधतात एकीकडे, आणि तो आढळतो दुसरीकडे.

हा विचार मुळात निघाला तो मुलगे आणि मुली यांच्या संख्येतील तफावतीवरून. १९४३ साली बाल्टिमोर येथील मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील अकरा मुलांपैकी आठ मुलगे होते आणि तीन मुली. पुढेही जगात सर्वत्र मुलग्यांचे प्रमाण तिप्पट-चौपट आढळत राहिले. मुलींमधील स्वमग्नता अनेकदा नजरेतून सुटते हे खरे, पण ती चूक वजा केली तरी फरक उरतोच. मग पुरुषी मानल्या गेलेल्या टेस्टोस्टेरॉनकडे संशोधकांचे लक्ष जाणे स्वाभाविक होते. केंब्रिज विद्यापीठातील सायमन बॅरन-कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाहिले ते मुलाचे रक्त नव्हे, तर तो गर्भात असताना त्याच्याभोवती असलेले गर्भजल. मेंदूची जडणघडण तेव्हा चालू असते, आणि गर्भातील मुलग्यामध्ये टेस्टोस्टेरॉनची लाट येते तीही त्याच महिन्यांत.

डेन्मार्कमध्ये अन्य कारणांसाठी तपासलेल्या गर्भजलाचे नमुने वर्षानुवर्षे गोठवून जपून ठेवलेले होते. त्या मुलांपैकी पुढे कोणाला स्वमग्नतेचे निदान झाले, हे सरकारी नोंदींवरून कळू शकत होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा १२८ मुलग्यांच्या नमुन्यांची इतर २१७ मुलग्यांच्या नमुन्यांशी तुलना केली गेली. स्वमग्न मुलांच्या गटात टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल अशी एकाच कुळातील अनेक संप्रेरके सरासरीने अधिक आढळली. २०१९ मध्ये त्याच नमुन्यांत इस्ट्रोजेन कुळातील संप्रेरके मोजण्यात आली, तेव्हा इस्ट्रॅडिऑलचा संबंध टेस्टोस्टेरॉनपेक्षाही ठळक दिसला. ज्याला आपण स्त्रीचे संप्रेरक म्हणतो, ते हे. 'पुरुषी हार्मोन जास्त झाले म्हणून स्वमग्नता आली' या सोप्या वाक्याला तेथेच तडा गेला.

'सरासरीने अधिक' या शब्दांवर जरा थांबावे. पुरुषांची उंची स्त्रियांपेक्षा सरासरीने अधिक असते. म्हणून पाच फूट सहा इंच एवढी उंची सांगून ती व्यक्ती पुरुष की स्त्री हे कोणी ओळखू शकेल काय? दोन्ही गटांतील आकडे असेच एकमेकांत मिसळलेले असतात. अधिक संप्रेरक असलेली कितीतरी मुले स्वमग्न नसतात, आणि कमी असलेली काही असतात. म्हणूनच गर्भजल परीक्षणातूनही स्वमग्नता ओळखता येत नाही. (या परीक्षणाचा गर्भलिंग ओळखण्यासाठी आपल्याकडे कसा गैरवापर झाला, आणि १९८८ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध देशातील पहिला कायदा कसा करावा लागला, हे आपल्या पिढीला आठवत असेलच. तशा मोहाला येथे जागा नाही.)

दुसरी गोष्ट काळाची. गर्भातील त्या महिन्यांत जे घडले, ते सात वर्षांच्या मुलाच्या आजच्या रक्तात उमटलेले नसते. आणि आजच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती कमी करते का, हेही तपासून झाले आहे. २०१९ मध्ये ६४३ निरोगी पुरुषांवर केलेल्या प्रयोगात काहींना टेस्टोस्टेरॉन देऊन, मग नुसत्या डोळ्यांच्या छायाचित्रावरून भाव ओळखायला सांगितले. ज्यांना दिले आणि ज्यांना दिले नाही, त्यांच्यात फरक पडला नाही.

आता जे लिहितो ते विशेषतः आजींनी वाचावे. अशा बातम्या घरात आल्या की बोट वळते सुनेकडे. तिला पाळीच्या तक्रारी होत्या, पीसीओएस होते, प्रसूतीच्या वेळी कळा येण्यासाठी सलाइनमधून औषध द्यावे लागले. मग हे त्यामुळेच झाले! यातील पीसीओएसचा धागा खरा आहे, पण तो किती बारीक आहे ते पाहावे. या विकारात स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके अधिक असतात. स्वीडनमधील २०१६ सालच्या मोठ्या अभ्यासात अशा मातांच्या मुलांमध्ये स्वमग्नतेची शक्यता सुमारे ५९ टक्क्यांनी अधिक आढळली. आकडा ऐकून छातीत धस्स होते. परंतु जगभरचा ढोबळ अंदाज शंभर मुलांत एक असा धरला, तर ५९ टक्के वाढ म्हणजे शंभरात एकाऐवजी दीड-दोन. अशा शंभर मातांपैकी अठ्ठ्याण्णव जणींची मुले स्वमग्न नसतात. कळांसाठी दिल्या जाणाऱ्या औषधाचा, म्हणजे ऑक्सिटोसिनचा, संशयही तपासला गेला आहे. स्वीडनमध्येच एकाच आईच्या दोन मुलांची, एकाच्या वेळी कळा आणवलेल्या आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, अशी तुलना केली तेव्हा संबंध उरला नाही.

आईला दोष देण्याची ही खोड जुनी आहे, आणि ती केवळ आपली नव्हे. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत मोठमोठे तज्ज्ञ सांगत असत की, आईची माया थंड असल्यामुळे मूल स्वमग्न होते. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून हे मत खोडून काढले. स्वमग्नतेच्या मुळाशी सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे, आणि तो माता आणि पिता दोन्ही घराण्यांकडून येतो, हे आता पक्के झाले आहे. तेव्हा शोध घ्यायचाच असेल, तर आपल्या स्वतःच्या घराण्यातील 'अबोल काका' आणि 'विक्षिप्त मामा' हेही आठवून पाहावेत.

उपचारांच्या इतिहासातही संप्रेरकांनी अनेकांना भुलवले आहे. १९०२ साली लंडनमध्ये सापडलेले सेक्रेटिन हे संप्रेरक म्हणून ओळखले गेलेले पहिले द्रव्य. लहान आतडे ते तयार करते आणि स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याची सूचना देते. अमेरिकेत पोटाच्या तपासणीसाठी तीन स्वमग्न मुलांना ते टोचले गेले. नंतर ती अधिक बोलू लागली, नजरेला नजर देऊ लागली, असे वृत्त १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरचित्रवाणीवर बातमी आली आणि हजारो पालकांची रीघ लागली. मातांना दोषमुक्त करणारे रिमलँडही त्याचे उत्साही पुरस्कर्ते झाले. पुढच्याच वर्षी रीतसर प्रयोग झाला. अर्ध्या मुलांना सेक्रेटिन दिले, अर्ध्यांना नुसते मिठाचे पाणी, आणि कोणाला काय दिले हे पालकांपासून गुप्त ठेवले. दोन्ही गटांत थोडीफार सुधारणा दिसली आणि ती सारखीच होती. मला सर्वांत बोलकी वाटते ती यापुढची गोष्ट : हा निष्कर्ष सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना आपल्या मुलासाठी सेक्रेटिन हवेच होते. त्या पालकांना मी हसणार नाही. मूल वाढतच असते, आपण टक लावून पाहत असतो, आणि त्या आठवड्यात ते जे नवे करते त्याचे श्रेय इंजेक्शनला मिळते.

ऑक्सिटोसिनचेही असेच झाले. माया-जिव्हाळ्याचे संप्रेरक म्हणून त्याचा बोलबाला होता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात २९० मुलांना २४ आठवडे नाकातील फवारा दिला गेला. औषधी फवारा आणि बिनऔषधी फवारा यांत फरक निघाला नाही. आणखी एक औषध ल्यूप्रोलाइड. आपल्यापैकी ज्या पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल, त्यांना हे नाव माहीत असेल. ते टेस्टोस्टेरॉन जवळजवळ शून्यावर आणते. अमेरिकेत काही वर्षे ते स्वमग्न मुलांना टोचले जात होते. कोणताही भक्कम पुरावा नव्हता, आणि वाढत्या मुलाची हाडे व लैंगिक वाढ पणाला लागत होती. या उपचाराचा पुरस्कार करणाऱ्या डॉक्टरांचा परवाना मेरीलँड राज्याने २०११ मध्ये स्थगित केला. असा सल्ला आपल्याला कोणी दिला, तर निःसंकोच उठून यावे.

मग संप्रेरकांचा विचार करावा तरी कोठे? बाळ वेळेवर बोलत नसेल तर थायरॉइडची तपासणी अवश्य करावी, आणि तिच्याइतकीच महत्त्वाची कानांची. जन्मजात थायरॉइड कमी असेल तर बुद्धीची वाढ खुंटते, आणि ते वेळीच दिलेल्या स्वस्त गोळीने टळते. तो विकार वेगळा आणि स्वमग्नता वेगळी, पण बाहेरून दोन्हीकडे 'उशिरा बोलणारे मूल' एवढेच दिसते.

झोपेचा प्रश्न बहुतेक घरांत असतो. आजीच्या कुशीत झोपणारे मूल रात्री दोनला उठून दिवे लावते, आणि रक्तदाबाची गोळी घेतलेल्या आजीची रात्र तेथेच संपते. अंधार पडला की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन सोडते. स्वमग्न मुलांच्या निद्रानाशावर या संप्रेरकाचा उपयोग होतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. ते झोपेचे औषध आहे, स्वमग्नतेचे नव्हे. आधी झोपण्याची ठरलेली वेळ, मंद दिवा आणि मोबाइल बंद. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मेलाटोनिन. परदेशी राहणारी मुले बॅगेतून या संप्रेरकाच्या गोड, जेलीसारख्या गोळ्या आणतात. २०२३ साली अमेरिकेत अशा २५ उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा २२ उत्पादनांच्या वेष्टनावरील मात्रा आतील मात्रेशी जुळत नव्हती, आणि एकात मेलाटोनिन मुळीच नव्हते.

आणि वयात येणे. स्वमग्न मुलाचे शरीर इतर मुलांप्रमाणेच वाढते. संप्रेरके बोलण्याची वाट पाहत नाहीत. दहाव्या-अकराव्या वर्षीच चित्रे दाखवून, एकेक पायरी करून, दाढी, पाळी, पॅड बदलणे, बंद दाराआड करायच्या गोष्टी कोणत्या, हे शिकवायला सुरुवात करावी. नातवाला अंघोळ घालण्याचे काम आजीकडून आजोबांकडे किंवा वडिलांकडे जावे, आणि नातीला पुरुष मंडळींनी घालू नये. न बोलणारी मुलगी महिन्यातील ठरावीक दिवशी डोके आपटू लागली, तर तो हट्ट नसून पोटदुखी असू शकते. एका वहीत पाळीच्या आणि अशा दिवसांच्या तारखा लिहीत जावे; तीन महिन्यांत चित्र स्पष्ट होते, आणि साध्या वेदनाशामक गोळीने पुष्कळदा काम भागते. याच वयात काही स्वमग्न मुलांना फिट येऊ लागतात, म्हणून क्षणभर हरवल्यासारखे पाहणे किंवा हातपाय झटकणे दिसल्यास वाट पाहू नये.

शेवटी प्रोलॅक्टिन. तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करून घेणे यांसाठी अनेक स्वमग्न मुलांना रिस्पेरिडोन दिले जाते. ते उपयोगी औषध आहे, परंतु त्याने भूक आणि वजन वाढते आणि प्रोलॅक्टिनही वाढू शकते. मग मुलग्याच्या छातीत गाठीसारखी वाढ दिसते. मुलीची पाळी लांबते किंवा थांबते, क्वचित स्तनांतून दूध येते. मूल सांगू शकत नाही, आईवडील घाईत असतात. अंगाला साबण लावणाऱ्या हातालाच हे प्रथम जाणवते. असे काही दिसल्यास प्रोलॅक्टिन अवश्य तपासून घ्यावे. औषध मात्र स्वतःहून एकदम बंद करू नये. ज्यांनी ते लिहून दिले त्या डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना दर महिन्याच्या वजनाची नोंद आणि ती तारखांची वही बरोबर न्यावी.