मराठा सुतार पक्षी
सुतार पक्षी झाडें पोखरून नासतो, असा पुष्कळ शेतकऱ्यांचा समज आहे. तो पुरता खरा नाहीं. नांदेड-लातूरकडील विरळ रानांत, बाभळींवर व आमराईंत आढळणारा मराठा सुतार साळुंकीहून लहान असतो. पाठ काळपट तपकिरी व पांढऱ्या ठिपक्यांची, कपाळ पिवळें, पोटावर तांबडा डाग; नराच्या डोक्यामागें तांबडा पट्टा, मादीस तो नसतो. सन १८०१ मध्यें लॅथम यांनीं त्याच्या शास्त्रीय नांवांत मराठ्यांचें नांव घातलें. सालीखालील किडे, अळ्या व मुंग्या हें त्याचें भक्ष्य. ढोली तो बहुधा वाळक्या फांदींत कोरतो. यास्तव फाल्गुन-चैत्रांत बांधावरील बाभळीची वाळकी फांदी सरपणासाठीं तोडण्यापूर्वीं, तींत त्याचें घरटें नाहीं ना, हें अवश्य पाहावें.