सिफारस नव्हे, ओळख

गेल्या ईदला माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. दहावीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली, आता जिल्ह्याच्या गावी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शीरखुर्म्याची वाटी तशीच हातात धरून म्हणाली, "मॅडम, कॉलेज सोडून द्यावं म्हणते. अब्बांचं शिलाईचं दुकान. आमच्या खानदानात कोणी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. वर्गातल्या मुलींचे काका-मामा वकील आहेत. मला कोण उभं करणार?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. आपल्या घरांतून आता पुष्कळ मुलंमुली वकिली शिकतात. प्रवेश मिळतो, फी कशीबशी भरली जाते, पण पुढचा रस्ता दाखवणारं घरात कोणी नसतं.

या पेशात ओळख लागतेच, हे आधी मान्य करू. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलचा नियम मनाई करतो. दुकानदारासारखा फलक लावून गिऱ्हाईक बोलावता येत नाही. कामं येतात ती विश्वासातून, एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. १८६७ साली बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईत पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून उभे राहिले, तेव्हा त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन सॉलिसिटर होते. घरचा आधार होता. पण तसा आधार नसला तर सगळं संपलं, असंही नाही. केरळच्या फातिमा बीवी यांचे वडील सरकारी नोकरीत होते. त्यांनीच मुलीला कायदा शिकायला लावलं. १९५० मध्ये सनद घेऊन त्यांनी कोल्लमच्या खालच्या कोर्टात सुरुवात केली आणि १९८९ मध्ये त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या.

आता ओळख आणि सिफारस यांतला फरक पाहू. सिफारस म्हणजे लायकी न बघता काम करून द्या, अशी मागणी. ओळख म्हणजे चार माणसांनी आपलं काम आणि वागणं पाहिलेलं असणं. पहिलीने मान खाली जाते, दुसरी मेहनतीने मिळते.

सुरुवात इंटर्नशिपपासून करावी. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायचा असतो, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पुष्कळ मुलं शेवटी कुठून तरी प्रमाणपत्र आणून हा रकाना भरतात. तसं करू नये. एका वर्षी दिवाणी वकिलाकडे, दुसऱ्या वर्षी फौजदारी वकिलाकडे, एकदा विधी सेवा प्राधिकरणात, असं वाटून घ्यावं. तीन ठिकाणची माणसं आपल्याला ओळखू लागतात.

वकिलांना भेटायला सकाळी कोर्टात जाऊ नये. पुकारा सुरू व्हायच्या आधी ते घाईत असतात. संध्याकाळी ऑफिसात जावं. कॉलेजचं पत्र सोबत असावं. नाव, वर्ग आणि "चार आठवडे बसून काम पाहायची परवानगी द्या" एवढंच बोलावं. नकार आला तर शुक्रिया म्हणावं आणि "आणखी कोणाकडे विचारू?" असं नक्की विचारावं. बहुतेक दारं या दुसऱ्या प्रश्नानेच उघडतात.

जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तिथे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. लोकअदालतीच्या दिवशी तिथे वकील, न्यायाधीश, बँकेचे अधिकारी, पक्षकार सगळे एका छताखाली दिसतात. शिवाय मोहल्ल्यातल्या एखाद्या बाईला आपल्यामुळे तिचा हक्क कळला, तर ती ओळख फार मोलाची असते.

ओळख फक्त काळ्या कोटाशी ठेवू नये. नाझर, शिरस्तेदार, बेलिफ, टायपिस्ट, पट्टेवाला यांना सलाम-नमस्कार करावा, अदबीने विचारावं. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, रोजनामा कसा वाचायचा, हे पुस्तकात सापडत नाही. आणि घाबरायचं काय? वकील, फिर्याद, कैफियत, रोजनामा, दाखल, हुकूम हे शब्द आपल्या घरच्या उर्दूत रोज असतात. कोर्टाची निम्मी बोली आपल्याला आधीच येते.

वर्गमित्रांना विसरू नये. आज बाकावर शेजारी बसलेला उद्या सरकारी वकील किंवा न्यायाधीश होईल. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत सगळ्या जातीधर्मांच्या मुलांबरोबर संघ करावा. फक्त आपल्याच मुलींच्या घोळक्यात राहिलं तर ओळखीही तेवढ्याच राहतात.

एक वही ठेवावी. कोण भेटलं, कधी, काय शिकवलं, ते लिहावं. रोज शुभेच्छांचे फॉरवर्ड पाठवू नयेत. निकाल लागला की दोन ओळी कळवाव्यात. पक्षकाराचे कागद किंवा फोटो स्टेटसवर कधीही टाकू नयेत. विश्वास एकदा गेला की परत येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्या अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाकडून घेता येतो, पण त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता हवी, असं त्या निकालात आहे. म्हणजे आपलं काम पाहिलेला सीनिअर तेव्हाही उपयोगी पडणारच.

आता दोन शब्द पालकांसाठी. मुलगी संध्याकाळी वकिलाच्या ऑफिसात थांबणार म्हटलं की घरात काळजी वाटते. ती रास्त आहे. एकदा स्वतः जा, ऑफिस पाहा, सीनिअरना भेटा. मग विश्वास ठेवा. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा, "तिथे काही वावगं वाटलं तर आम्हाला सांग, तुझं शिक्षण बंद होणार नाही." हे वाक्य ऐकलेलं नसतं म्हणून कितीतरी मुली गप्प राहतात.

त्या दिवशी मी तिला विचारलं, "अब्बांच्या मापाच्या वहीत कोणकोण आहे?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "दोन वकीलसाहेब आहेत. दर वर्षी पॅन्ट शिवून घेतात." अब्बा तिच्यासोबत गेले. पहिल्या वकीलसाहेबांकडे जागा नव्हती, पण त्यांनी एका वकील बाईंकडे पाठवलं. चार आठवडे झाले. शेवटच्या दिवशी बाईंनी तिने लिहिलेला नकलेचा अर्ज फक्त एक शब्द बदलून दाखल केला आणि पुढच्या सुट्टीत परत ये म्हणाल्या. कॉलेज सोडायचा विषय तिने त्यानंतर काढलेला नाही.