भृंगकीटन्याय आणि भुंग्याच्या पोटातील माशी

भृंगकीटन्यायाचा दृष्टान्त मराठी वाचकास अपरिचित नाही. भृंगाने घरट्यात कोंडलेली अळी भयाने त्याचेच ध्यान करते व अखेर भृंगरूप होते, अशी ही कल्पना होय. वस्तुतः कुंभारीण माशी अळीला डंखाने बधिर करून पिलांसाठी साठवून ठेवते. अळी रूपांतर पावत नाही, खाल्ली जाते.

परंतु खुद्द भृंगही कोणाचे तरी भक्ष्य आहे. हिवाळ्याच्या तोंडी पनागरच्या (जि. जबलपूर) शिवारात तूर फुलली की काळा, दणकट भुंगा तिच्यावर घोंघावू लागतो. लाकूड पोखरून राहणाऱ्या या भुंग्यांवर व अन्य मधमाश्यांवर ज्या माश्या वाढतात, त्यांत ‘फायसोसेफाला’ ही प्रजाती प्रमुख आहे. ग्रीक धातूंवरून बनलेल्या या नावाचा अर्थ ‘फुगीर डोक्याची’ असा आहे. गांधीलमाशीसारख्या दिसणाऱ्या या माश्यांच्या भारतीय कुळाचे वर्णन एन्रिको ब्रुनेटी यांनी १९२३ साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत केले.

ही मादी फुलांपाशी दबा धरून बसते, मधमाशीला झडप घालून पकडते आणि तिच्या पोटाची वलये फाकवून आत अंडे घालते. अळी आधी शरीरद्रव शोषते, मग अवयव खाते. सुमारे १० ते १२ दिवसांत मधमाशी मरते आणि तिच्या पोकळ पोटातच माशीचा कोष होतो.

खरा प्रश्न या दिवसांतील वर्तनाचा आहे. थंड प्रदेशातील केसाळ बंबलबी मधमाश्यांवर स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या संशोधनात दोन गोष्टी आढळल्या. बाधित मधमाशी रात्री उबदार पोळ्यात न परतता बाहेर गारठ्यात राहते. थंडीने अळीची वाढ मंदावते व मधमाशीचे आयुष्य लांबते (१९९३). मात्र मरणापूर्वी तीच मधमाशी माती उकरून आत शिरते. तिला याचा काहीच लाभ नाही. जमिनीखाली हिवाळा काढणाऱ्या माशीला मात्र आसरा मिळतो (१९९४).

एकाच देहातील पहिली कृती मधमाशीची, दुसरी माशीची, असे म्हणावे लागते. दृष्टान्तातील अळी स्वेच्छेने आपले रूप टाकते. येथे मात्र आपली कबर खणणाऱ्या जीवाची इच्छाच आधी परकी झालेली असते. तथापि गारठ्यातील ती रात्र तिची स्वतःची असते, एवढे मान्य केले पाहिजे.